घरच्या ब्लाइंड्सची सफाई : मराठवाड्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, सगळीकडच्या फ्लॅटांत आणि नव्या बंगल्यांत कापडी पडद्यांच्या जागी आता ब्लाइंड्स, म्हणजे पट्ट्यांचे किंवा गुंडाळायचे पडदे, दिसतात. ते बसवायचं काम करताना सफाईबद्दलचे प्रश्न रोज कानावर येतात. ब्लाइंड्सबरोबर येणारी माहिती बहुतेक वेळा भरपूर पाण्याच्या मुलखासाठी लिहिलेली असते : काढा, टबात बुडवा, शॉवरखाली धुवा. आपल्याकडची धूळ वेगळी आणि पाणीही वेगळं. इथं कोरड्या हातानं होईल तेवढं काम आधी उरकावं लागतं. पाणी शेवटी घ्यायचं, थोडं घ्यायचं आणि शक्य तितकं गोडं घ्यायचं. पुढची सगळी उत्तरं याच धोरणानं दिली आहेत.

ओल्या फडक्यानं थेट पुसलं तर बिघडतं काय?

आपल्या भागातली धूळ बरीचशी काळ्या मातीची असते. बेसॉल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत चिकणमातीचे फार बारीक कण असतात. पाणी मिळालं की ते फुगतात आणि चिकटतात, वाळले की आकसून कडक होतात. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात त्या याच गुणामुळं. मृगाच्या पहिल्या सरीनंतर वावरातून चालताना चपलेला माती धरते, तशीच ओलं फडकं फिरल्यावर ती ब्लाइंडच्या पट्टीला धरते.

अशी पुसलेली एक पट्टी उजेडात आडवी धरून बघा. मधोमध स्वच्छ पट्टा दिसेल, दोन्ही कडांना करड्या रेघा दिसतील आणि दोरी जिथून आरपार जाते त्या भोकाभोवती चिखलाचं बारीक कडं जमलेलं असेल. वाळल्यावर ते नखानंही निघत नाही आणि जोर लावला तर रंगाचा टवका उडतो. पुष्कळ जण म्हणतात, ‘दोन वर्षांतच ब्लाइंड्स कळाहीन झाले.’ त्यांतल्या बऱ्याच घरांत ब्लाइंड्स चांगले असतात, पहिल्या दिवसापासून ओला बोळा फिरवल्यानं ते खराब झालेले असतात.

मग कोरडी सफाई नेमकी कशी करायची?

आधी पंखा आणि कूलर बंद करा. खाली पलंग किंवा सोफा असेल तर त्यावर जुनी चादर टाका आणि नाकाला रुमाल बांधा. दम्याचा त्रास असलेल्या माणसानं तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसावं.

आडव्या पट्ट्यांचा ब्लाइंड असेल तर तो पूर्ण खाली सोडा. सुरुवात पट्ट्यांपासून करू नका, वरच्या ॲल्युमिनियमच्या पेटीपासून करा. ती खालून दिसत नाही, म्हणून कुणी हात लावत नाही आणि सगळ्यात जास्त माती तिथंच साठते. रंगकामाचा दोन इंची कोरडा ब्रश घ्या आणि पेटीच्या आतून-बाहेरून हलक्या हातानं फिरवा. पेटीतली धूळ आधी खाली येऊ द्यायची. नाही तर पट्ट्या चकाचक केल्यावर पहिल्यांदा दोरी ओढली की सगळी त्यांच्यावरच सांडते.

मग पट्ट्या वळवायची, बाजूला लोंबणारी कांडी फिरवून पट्ट्या एका बाजूला मिटवा. हातात जुना सुती पायमोजा घाला किंवा जुन्या लुगड्याचं, धोतराचं मऊ फडकं घ्या. नवं कापड घेऊ नका, त्यात खळ असते. वरून खाली, पट्टी-पट्टी करत, मधून कडेकडं हात न्यायचा. दुसऱ्या हाताचा पंजा मागून आधाराला ठेवायचा. ॲल्युमिनियमची पट्टी पातळ असते. आधाराशिवाय दाबली की तिला जी मोड पडते ती पुन्हा सरळ होत नाही. एक बाजू झाली की कांडी उलटी फिरवून दुसऱ्या बाजूला मिटवा आणि तेच पुन्हा करा. शेवटी पट्ट्या आडव्या ठेवून दोरीच्या भोकांभोवती आणि शिडीसारख्या दोऱ्यांवर ब्रश फिरवा. त्या दोऱ्या पुढं काळ्या पडतात त्या हा शेवटचा हात राहून गेल्यानं.

फडकं दर चार-सहा पट्ट्यांनंतर बाहेर झटकायचं, आणि वारा ज्या दिशेला जातोय त्या दिशेला. मोरपिसांचा किंवा नायलॉनचा रंगीत कुंचा मी या कामाला घेऊ देत नाही. तो धूळ उचलत नाही, इकडची तिकडं करतो.

व्हॅक्यूम क्लीनर चालेल का? ब्लोअर?

व्हॅक्यूम चालेल, उत्तम चालेल. फक्त तोंडाला मऊ केसांचा ब्रश लावा आणि ओढ कमी ठेवा. ब्लोअर मात्र घरात नको. धूळ भिंतीवर, देवघरात, पांघरुणांत जाऊन बसते आणि संध्याकाळपर्यंत परत ब्लाइंडवर येते.

इतक्या कमी पाण्यात ओली सफाई होते का?

होते. लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. एप्रिल 2016 मध्ये त्या शहरासाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या गाडीत 5 लाख लिटर. आजही मराठवाड्यात किती तरी वस्त्यांत नळ काही दिवसांआड येतो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. अशा घरात ब्लाइंड धुण्यासाठी नळी लावणं मनाला पटत नाही, आणि मुळात त्याची गरजही नाही.

कोरडी सफाई नीट झाली असेल तर तीन खिडक्यांना अर्धी बादली पुरते. दोन भांडी घ्या. एकात कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब. फेस जेवढा कमी, तेवढं नंतरचं पुसणं कमी. दुसऱ्यात नुसतं चांगलं पाणी. पहिलं फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा. थेंब गळता कामा नये. त्यानं पट्टी पुसा, लगेच साध्या पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या फडक्यानं साबण काढा आणि तिसऱ्या कोरड्यानं टिपून घ्या. एका वेळी पाच-सात पट्ट्या घ्या. अख्खा ब्लाइंड ओला करून ठेवला तर आपल्या कोरड्या हवेत खालच्या पट्टीपर्यंत पोचायच्या आत वरची वाळते आणि साबणाचा ओघळ तसाच राहतो.

साबणाचं उरलेलं पाणी अंगण, जिना, गाडीची चाकं यांना वापरा.

पुसल्यावर पांढरे ठिपके उमटतात. ते कशाचे?

बोअरच्या पाण्याचे. खोल बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जातं, क्षार पट्टीवर राहतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात (आयएस 10500) एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत सूट आहे. तुमच्या गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसत असेल तर ब्लाइंडवर ठिपके येणार हे धरूनच चाला.

इथं एक चूक फार घरांत होते. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी लोक जपून ठेवतात आणि पुसायला घेतात. पाणी वाया घालवायचं नाही ही भावना अगदी योग्य आहे. पण आरओ क्षार वेगळे काढतं आणि ते याच पाण्यातून बाहेर सोडतं, म्हणजे हे पाणी मूळ बोअरपेक्षाही जास्त क्षारांचं असतं. ते फरशीला, संडास-मोरीला वापरा. ब्लाइंडवर शेवटचा हात फिरवायला नको.

शेवटच्या हाताला लागतं तांब्याभर पाणी. ते आरओचं पिण्याचं घ्या, पावसाळ्यात पागोळीचं स्वच्छ पाणी गाळून घ्या, किंवा एसीच्या नळीतून ठिबकणारं घ्या. एसीचं पाणी हवेतल्या वाफेचं बनलेलं असल्यानं त्यात क्षार जवळजवळ नसतात. पिऊ नका, पण पुसायला ते चांगलं. पिळलेल्या फडक्यासाठी तांब्या पुरतो, हे एकदा करून बघितलं की पटतं.

जुने ठिपके घालवायचे असतील तर एक भाग पांढरा व्हिनेगर आणि तीन भाग पाणी घ्या. फडकं त्यात भिजवून ठिपक्यांवर मिनिट-दोन मिनिटं टेकवा, पुसा आणि चांगल्या पाण्यानं लगेच आंबटपणा काढा. व्हिनेगर ॲल्युमिनियमवर बराच वेळ राहू देऊ नका. लाकडावर ते लावूच नका.

खिडकीत कूलर आहे. त्याच खिडकीचे ब्लाइंड्स सगळ्यात घाण का होतात?

कूलरच्या टाकीतलं पाणी दिवसभर उडत राहतं, क्षार मात्र टाकीतच राहतात. वरून पुन्हा बोअरचंच पाणी भरलं की टाकी दिवसेंदिवस जास्त खारट होत जाते. पंख्याच्या झोताबरोबर उडणारे बारीक तुषार हेच खारट पाणी ब्लाइंडवर नेऊन टाकतात. शिवाय ओलसर हवेमुळं बसलेली धूळ तिथंच धरते. म्हणून कूलरजवळच्या पट्ट्या हाताला खरखरीत लागतात.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करा. डासांसाठीही ते करायलाच हवं. कूलर चालू असताना त्या खिडकीचा ब्लाइंड वर गोळा करून ठेवा. आणि शक्य असेल तर कूलरच्या खिडकीला कापडी ब्लाइंड लावूच नका.

स्वयंपाकघरातल्या ब्लाइंड्सवरचा चिकट थर निघत नाही.

फोडणीची वाफ आणि तेलाचे कण पट्टीवर बसतात, हवा आणि उष्णतेनं ते तेल हळूहळू घट्ट होत जातं आणि शेवटी पिवळसर मेणचट थर तयार होतो. त्यात धूळ रुतते. शेंगदाणा तेल, करडई तेल, सोयाबीन, कुठलंही असो. जुनं झालं की सगळ्यांचा हाच प्रकार.

इथं कोरडी सफाई फार साधत नाही, वरची सैल धूळ तेवढी निघते. भांड्यांचं लिक्विड थोडं जास्त घ्या, पाणी हाताला सोसेल इतकं गरम घ्या आणि भिजलेलं फडकं पट्टीवर पसरून पाच-सात मिनिटं राहू द्या. थर मऊ पडला की पुसून काढा. गरज पडली तर दोनदा करा, पण घासणीच्या हिरव्या बाजूनं किंवा काथ्यानं घासू नका. चकाकी जाते आणि पुढच्या वेळी तेल त्याच ओरखड्यांत बसतं. खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट हट्टी जागी बोटानं लावून लगेच पुसली तर चालते. धुण्याचा सोडा मात्र ॲल्युमिनियमला खातो. हे दोन सोडे वेगळे आहेत, डबा बघून घ्या.

ज्यांचं घर अजून व्हायचंय त्यांना कळकळीनं सांगतो : शेगडीच्या अगदी जवळच्या खिडकीला ब्लाइंड नको. काच आणि एक्झॉस्ट पंखा पुरे. आगीच्या दृष्टीनंही तेच बरं.

उभ्या पट्ट्यांचे कापडी ब्लाइंड्स घरी धुता येतात का?

बहुतेकांचे येतात, कारण कापड पॉलिएस्टरचं असतं. आधी एका पट्टीच्या खालच्या टोकाला, भिंतीकडच्या बाजूनं, ओलं बोट लावून बघा. डाग पडला, रंग उतरला किंवा कापडाची ताठरता गेली तर धुवू नका, फक्त व्हॅक्यूम आणि कोरडा ब्रश.

धुता येणारं असेल तर काम असं करायचं. खालची बारीक साखळी दोन्ही बाजूंनी सोडवा. तळातल्या खिशातून वजनं काढून बाजूला ठेवा. लोखंडी असतील तर ती पाण्यात गेल्यावर कापडावर गंजाचे डाग पडतात आणि ते जात नाहीत. पट्टी वरच्या क्लिपमधून काढताना खाली ओढू नका. जुनं एटीएम कार्ड क्लिप आणि पट्टीच्या मधे सरकवा, पट्टी किंचित उचला, ती आपोआप सुटते. जिथं क्लिप तुटते तिथं ती बहुधा ओढल्यानंच तुटते आणि मग एका क्लिपसाठी दुकानभर फिरावं लागतं.

प्रत्येक पट्टीच्या वरच्या टोकाला पेन्सिलनं क्रमांक टाका. काठाच्या पट्ट्यांना ऊन जास्त लागतं, त्या थोड्या फिक्या झालेल्या असतात. परत लावताना मधे आल्या तर नजरेला खुपतात.

धुण्याआधी पट्ट्या गच्चीवर झटकून घ्या. मग चटईसारखी सैल गुंडाळी करून कोमट पाण्यात, लिक्विड डिटर्जंटमध्ये 15-20 मिनिटं बुडवा. हातानं हलकं दाबायचं, चोळायचं नाही आणि पिळायचं तर मुळीच नाही, कारण घडी पडली की ती कायमची. कठीण पाण्यात साबणाचा अंश कापडात राहतो, म्हणून साबण कमी घ्या आणि साध्या पाण्यातून दोनदा काढा. पाणी निथळू द्या. अर्धवट ओल्या असतानाच पट्ट्या जागेवर अडकवा आणि वजनं घाला. लोखंडी वजनं प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत गुंडाळून घाला. वजनाच्या ताणानं पट्टी सरळ वाळते आणि इस्त्री लागत नाही. खाली फरशीवर जुनं पोतं टाका. एप्रिल-मे महिन्यात उघड्या खिडकीत पट्ट्या पाहता पाहता वाळतात.

रोलर आणि झेब्रा ब्लाइंड्सचं काय?

रोलर म्हणजे नळीवर गुंडाळलं जाणारं सलग कापड, झेब्रा म्हणजे विरळ आणि दाट पट्टे आलटून-पालटून असलेलं तसंच कापड. हे धुवायचे नाहीत. पूर्ण खाली ओढा, दोन्ही बाजूंनी मऊ ब्रशनं झटका किंवा व्हॅक्यूम करा आणि डाग असेल तिथं ओलसर फडक्यानं टिपा. बोटांचे ठसे आणि पेन्सिलच्या रेघा पांढऱ्या खोडरबरानं बऱ्याचदा जातात. उन्हाची तिरीप पूर्ण अडवणाऱ्या रोलरच्या मागच्या बाजूला लेप असतो. त्यावर नख, ब्रश किंवा गरम इस्त्री लावली की लेप सुटतो आणि मग तिथून सुईच्या टोकाएवढा उजेड येत राहतो.

महत्त्वाचं म्हणजे ओला रोलर गुंडाळू नका. आत दमट राहिला तर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते कापडाच्या आत असतात, वरून निघत नाहीत. पावसाळ्यात तर दिवसभर खाली सोडूनच ठेवा.

लाकडी पट्ट्या?

कोरडं फडकं, रेषेच्या दिशेनं. फार तर घट्ट पिळलेलं फडकं आणि लगेच कोरडं. पाण्यात बुडवलं की लाकूड वाकतं. लाकडासारख्या दिसणाऱ्या पण प्लॅस्टिकच्या असतील तर पाणी चालतं. मात्र धुऊन मे महिन्यात गच्चीच्या तापलेल्या फरशीवर वाळत घालू नका, उष्णतेनं वाकतात. सावलीत, उभ्या ठेवा.

जुन्या वाड्याच्या ढाळजेत बांबूची चिक आहे. ती कशी जपावी?

बांबूची चिक ही आपल्या उन्हाला सगळ्यात मानवणारी गोष्ट, आणि तीच सगळ्यात दुर्लक्षित राहते. आठवड्याला केरसुणीनं किंवा खराट्यानं दोन्ही बाजूंनी उभी झाडायची. काड्यांच्या फटीत जळमटं असतात, ती कोरड्या दात घासायच्या ब्रशनं काढायची. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, उतरवून ओलसर फडक्यानं पुसून कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवायची. बुरशीचा वास येत असेल तर ऊन हाच उपाय, अत्तर-फिनेल नव्हे.

चिक भिंतीला टेकते तिथं वाळवीची मातीची नळी दिसते का ते दर महिन्याला बघा. सुतळी कुजली असेल तर अख्खी चिक फेकू नका. आठवडी बाजारात सूप-टोपल्या घेऊन बसणारे बुरूड कारागीर चिक पुन्हा विणून, बांधून देतात. त्यांच्या हातची बांधणी बाजारातल्या तयार चिकेपेक्षा मजबूत असते, आणि ते काम त्यांना मिळत राहावं असं मला फार वाटतं.

हळद, गुलाल, पालीची घाण, मातीची घरटी : यांचे डाग कसे काढावेत?

हळदीला आधी साबण लावू नका. साबण-सोड्यानं ती लाल होते आणि घाबरून माणूस जास्त घासतो. साध्या पाण्यानं टिपा आणि पट्टी उन्हात येईल अशी वळवून ठेवा. हळदीचा रंग उजेडात आपोआप फिका पडत जातो. आपल्या उन्हात तर लवकरच.

गुलाल आणि कोरडा रंग ओला करू नका. व्हॅक्यूम किंवा ब्रशनं काढा, उरलेला नंतर पुसा.

पालीची घाण पूर्ण वाळू द्या. कार्डाच्या कडेनं उचला, मग साबणाचा हात. वरच्या पेटीत पालीची अंडी सापडतात, तिथं हात घालण्याआधी टॉर्च मारून बघा.

कुंभारमाशी वरच्या पेटीत आणि गुंडाळलेल्या पट्ट्यांच्या फटीत मातीचं घर बांधते. त्यावर पाणी टाकलं तर चिखल दोरीत मुरतो. कोरडंच, लाकडी चमच्याच्या टोकानं, एका तुकड्यात निघेल असं उचका. घर नवं असेल आणि माशी ये-जा करत असेल तर थोडं थांबा.

घराजवळ जिनिंग आहे, साखर कारखाना आहे, डाळ मिल आहे. काही वेगळं करावं लागतं का?

हो, प्रत्येकाची धूळ वेगळी. परभणी, बीड, जालन्याकडच्या जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू उडतात. ते दोऱ्यांना गुंडाळले जातात, फडक्यानं निघत नाहीत. हाताला चिकटपट्टी उलटी गुंडाळून तंतू उचला.

कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाची चिपाडं जळतात, त्यांची काळी काजळी गाळप हंगामात आसपासच्या घरांवर पडते. तिला चोळायचंच नाही. चोळली की पांढऱ्या पट्टीवर कायमची काळी सावली राहते. ब्लाइंड हलक्या हातानं टिचकी मारून झटका, व्हॅक्यूम करा आणि मगच साबणाचं पाणी. परळीसारख्या ठिकाणी औष्णिक वीज केंद्राच्या राखेलाही हीच पद्धत.

लातूरच्या डाळ मिलच्या बाजूला सालपटाची आणि पिठाची धूळ असते. ओलावा मिळाला तर तिला बुरशी येते आणि कीड लागते, म्हणून पावसाळा लागायच्या आत ती घरातून गेलीच पाहिजे.

वर्षातून केव्हा केव्हा करायचं?

रोज पट्ट्यांची दिशा बदला, म्हणजे एकाच बाजूला थर साठत नाही. आठवड्याला एक कोरडा हात. चैत्र-वैशाखात वावटळी सुटतात तेव्हा आठवड्याला दोन. वावटळ येताना दिसली की खिडकी लावा आणि ब्लाइंड वर घ्या. नुसता ब्लाइंड खाली सोडून धूळ अडत नाही, ती त्याच्यावरच बसते.

ओली सफाई वर्षातून दोनदा-तीनदा पुरे. एक मृगाआधी, म्हणजे जूनच्या 7 तारखेच्या आत, कारण कापडी ब्लाइंड्स तेव्हाच लवकर आणि पूर्ण वाळतात. दुसरी दसरा काढताना. घरातली पांघरुणं, वाकळा निघतात तेव्हा ब्लाइंड्सनाही त्यात धरा. बऱ्याच घरांत महालक्ष्म्यांच्या आधी सगळं घर पुसून काढतात. तेव्हा हवा दमट असते, म्हणून ॲल्युमिनियमचे ब्लाइंड्स पुसा आणि कापडी दसऱ्यापर्यंत राहू द्या.

कोणती रसायनं वापरू नयेत?

संडास साफ करायचं ॲसिड, ब्लीच, धुण्याचा सोडा, थिनर, रॉकेल. काही लोक चमक यावी म्हणून तेलाचा हात देतात, त्यावर संध्याकाळपर्यंत धूळ चिकटते. आणि ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा कुठल्याही ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत तो जीवावर बेतू शकतो.

प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना कोरड्या हवेत स्थिर वीज धरते आणि धूळ ओढली जाते. शेवटच्या पाण्यात कपड्यांच्या कंडिशनरचा एखादा थेंब टाकला तर ते कमी होतं.

जुन्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना हात लावला की पांढरी पूड लागते. पुसावी का?

पुसू नका, ब्लाइंडच काढून टाका. 1996 साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं जाहीर केलं होतं की परदेशातून आलेल्या काही व्हिनाइल ब्लाइंड्समध्ये प्लॅस्टिक टिकावं म्हणून शिसं घातलेलं होतं, आणि ऊन-उष्णतेनं प्लॅस्टिक झिजलं की पट्टीवर शिशाची धूळ जमत होती. लहान मुलांच्या पोटात शिसं जाणं फार घातक. तुमच्या पट्टीत शिसं आहे की नाही हे घरी कळत नाही. पण इतकी वर्षं मराठवाड्याच्या उन्हात तापून पूड सोडणारं प्लॅस्टिक घरात, विशेषतः रांगतं मूल असलेल्या घरात, ठेवण्यात अर्थ नाही. काढताना कोरडं झटकू नका, ओलं फडकं गुंडाळून उतरवा आणि नंतर हात साबणानं धुवा. कोरडं आधी हा नियम फक्त इथं उलटा.

कामाला येणाऱ्या मावशींना हे कसं सांगावं?

एकदा स्वतः एक पट्टी करून दाखवा. फडकी वेगळी ठेवा. फरशीचा पोछा ब्लाइंडला लागला की वर लिहिलेलं सगळं वाया. खिडकीच्या कट्ट्यावर किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्यांना चढायला सांगू नका. पक्की घोडी द्या आणि कुणीतरी ती धरा. आणि हे नेहमीच्या कामाबाहेरचं, वेळखाऊ काम आहे, त्याचे वेगळे पैसे द्या.

घरात लहान मूल आहे. सफाईच्या वेळी काय बघावं?

दोऱ्या. ओढायची दोरी किंवा मण्यांची साखळी यांचा लोंबणारा फास मुलाच्या गळ्यात अडकू शकतो आणि तो अपघात आवाज न होता घडतो. सफाई झाली की दोरी वर गुंडाळून मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवरच्या हुकला बांधा. साखळी असेल तर ती भिंतीला ताणून धरणारी क्लिप बसवून घ्या, ती स्वस्त असते आणि दोन स्क्रूंचं काम आहे. पाळणा, खाट, सोफा खिडकीपासून दूर सरकवा. नवा ब्लाइंड घेताना बिनदोरीचा मिळतो का ते आधी विचारा.

पुसताना पट्टी वाकली किंवा दोरी तुटली तर?

वाकलेली ॲल्युमिनियमची पट्टी सरळ करायला जाऊ नका, मोड पडलेल्या जागी ती तुटते. ब्लाइंड सगळ्यात खाली, खिडकीच्या कट्ट्यावर टेकतो तिथं दोन-चार जास्तीच्या पट्ट्या बहुतेक वेळा असतात. तळाच्या पट्टीचं बूच काढून दोरीची गाठ सोडली की मधली वाकलेली पट्टी ओढून तिथं खालची चांगली पट्टी सरकवता येते. दोरी तुटली असेल तर तिचा तुकडा आणि एका पट्टीचं रुंदीचं माप घेऊन दुकानात जा. जाडी जुळली नाही तर वरच्या पेटीतलं कुलूप दोरी धरत नाही आणि ब्लाइंड अंगावर खाली येतो. दोरी ओवायचं काम जमिनीवर चादर पसरून, दोघांनी मिळून करा. एकानं पट्ट्या धरायच्या, दुसऱ्यानं दोरीच्या टोकाला मेणबत्तीनं मेण लावून ती भोकांतून खाली सोडत जायची.